लांडग्याची रिकामी जागा

टेकडीवरचा शेवटचा लांडगा मारला म्हणून ज्याचा सत्कार झाला होता, त्या म्हाताऱ्या शिकाऱ्याला वनखात्याने बारा वर्षांनी पुन्हा बोलावलं. लांडगे गेल्यावर हरणांची वीण मोकाट वाढली होती. गवत संपलं, कोवळी रोपं संपली, आता हरणं झाडांच्या सालींवर दिवस काढत होती.

"काका, निम्मी कमी केली नाहीत तर सगळीच उपाशी मरतील," साहेब म्हणाले. "म्हातारी, आजारी, लंगडी तेवढीच टिपा. धडधाकट राहू द्या. लांडगे तेच करायचे."

"मग त्यांना मारायला कशाला लावलंत?"

"तेव्हाचे साहेब वेगळे होते," साहेबांनी खुलासा केला.

घरी बायको म्हणाली, "म्हणजे लांडग्याच्या जागी नेमणूक झाली म्हणायची! तो बिचारा बिनपगारी राबत होता."

सकाळी तो बंदूक घेऊन झाडाआड बसला. कळप समोर आला. पहिल्या हरणाच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. दुसऱ्याच्याही. पाडसं उभ्या उभ्या झोकांड्या खात होती. दुपारपर्यंत त्याने दुर्बिणीतून सगळा कळप पाहिला, पण धडधाकट म्हणावं असं एकही हरीण सापडेना.

साहेबांचा फोन आला. "किती झाली, काका?"

"एकही नाही."

"नेम चुकतोय का?"

"नेम ठीक आहे हो. पण ठेवायची कोणती, ते सांगा."

"घ्या तुमच्या अंदाजाने," साहेब म्हणाले.

"अंदाज लांडग्याला होता, साहेब. माझ्याकडे नुसती बंदूक आहे."

फोन ठेवून त्याने सर्वांत जवळच्या हरणावर नेम धरला. बार झाला. बाकीची जागची हललीसुद्धा नाहीत. पळण्याइतकं त्राण कुणातच उरलं नव्हतं.