मागच्या दाराची कडी

नोंदणी कचेरीच्या दारात एक हातगाडी उभी होती. गाडीवर शिलाई मशीन, दोन गाद्या, भांड्यांचं पोतं आणि मावशींचा नवरा, एवढा ऐवज होता. नवऱ्याला राखणीला बसवलं होतं आणि तो मशीनला टेकून खुशाल घोरत होता.

मावशी म्हणजे गल्लीतल्या शिवणकामवाल्या. साऱ्या जगाच्या मावशी, सख्खी भाची एकही नाही. जन्मभर भाड्याच्या खोलीत मशीन चालवल्यावर आता कुठे स्वतःचं घर होत होतं. त्या आनंदात बाईंनी एक घोडचूक केली. घराचा दस्त अजून नोंदवायचा होता आणि यांनी सकाळीच भाड्याची खोली रिकामी करून दिली. नवरा म्हणालासुद्धा, "अगं, बाजारात तुरी..." पण मावशींनी त्याला म्हण पुरी करू दिली नाही. आता त्या खोलीत नवे भाडेकरू शिरले होते. त्यांचे पडदेही लागले होते, आणि ते मावशींनीच शिवून दिले होते.

घर विकणारे कुलूपकाका. गावातलं कुठलंही अडलेलं कुलूप उघडून देणारे. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे, म्हणून लेक त्यांना आपल्या गावी न्यायला आली होती. संध्याकाळची गाडी होती. त्यात उद्यापासून कचेरीला आठवडाभर सुट्टी. म्हणजे दस्त आज झाला तर झाला, नाहीतर मावशींचा संसार हातगाडीवर.

या कचेरीची एक जुनी रीत होती. दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा, मग देणाऱ्याने आपल्या तोंडाने "दिलं" म्हणायचं आणि घेणाऱ्याने "घेतलं". मान हलवलेली चालत नसे. पूर्वी कुणा बिलंदर पुतण्याने आपल्या म्हाताऱ्या चुलत्यांना पेंग येईपर्यंत बसवून ठेवलं होतं आणि त्यांची मान खाली गेली तोच होकार म्हणून खपवला होता. तेव्हापासून हा नियम.

टेबलामागच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, खणखणीत आवाजात वाचलं. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पाण्याची टाकी, उत्तरेला बेकरीची भिंत, दक्षिणेला मोकळी जागा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "दिलं का?"

काकांनी तोंड उघडलं. शब्द काही येईना. त्यांनी घसा खाकरला, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बाबा, एकच शब्द आहे," लेक हळूच म्हणाली.

काकांनी जोरजोरात मान हलवली.

"मान चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "द्यायचं नसेल तर तसं सांगा. बाहेर रांग आहे."

मावशींना दारातली हातगाडी आठवली. पाठोपाठ रागही आला. महिनाभर घर दाखवताना हा माणूस पोपटासारखा बोलत होता, आणि आज नेमकी वाचा बसली? त्या फाडकन काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं. काका खिशातल्या खिशात किल्ल्यांचा जुडगा कुरवाळत होते. मावशींना भरून आलं. सकाळी भाड्याच्या खोलीतला कात्री अडकवायचा खिळा उपटताना त्यांचेही डोळे भरले होते, आणि ती खोली तर त्यांची नव्हतीच.

"काका," त्या म्हणाल्या, "परवा स्वयंपाकघराची खिडकी उघडेना. बिघडली आहे का हो?"

"बिघडली?" काकांना लगेच वाचा फुटली. "खिडकीला काही झालेलं नाही. तुम्हाला उघडता येत नाही. आधी आत ओढायची, मग वर उचलायची. दांडगाई केली तर ती हटून बसते."

"आणि न्हाणीघराचा नळ?"

"तो थोडा वेळ गुरगुरतो. गुरगुरू द्यायचं. माझं ऐकाल तर मशीन पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवा. उजेड डावीकडून येतो, दोरा ओवायला बरं. आमची ही तिथेच बसून धान्य निवडायची."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. रांग विसरून त्याही ऐकत होत्या.

"आणि मागच्या दाराची कडी?" मावशींनी विचारलं. घर बघितलं तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पहिल्या दिवशी ही कडी बदलायची. कुलूपवाल्याच्या घराला कडी लागू नये, म्हणजे दिव्याखाली अंधारच.

काका जरा ओशाळले. "गावभर कुलपं केली, घरच्या कडीला सवड झाली नाही. ही रोज बोलायची. मग म्हणाली, राहू द्या तशीच. तुम्ही कितीही उशिरा आलात तरी मला उठावं लागत नाही."

मग मोठ्या बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "काका, मग दिलं का?"

"दिलं की," काका म्हणाले. "इतका वेळ मी काय भिंतीशी बोलतोय?"

"घेतलं," मावशी म्हणाल्या.

"अहो, मला विचारू तरी द्या," मोठ्या बाई म्हणाल्या आणि हसत हसत त्यांनी शिक्का उचलला.

बाहेर नवरा अजून घोरत होता. मावशींनी त्याला हलवून उठवलं. काकांनी जुडगा त्यांच्या हातात दिला आणि एकेक किल्ली कुठली ते सांगितलं.

"मागच्या दाराची कडी पुढच्या खेपेला नीट करून देतो," ते म्हणाले. मग थांबले. "म्हणजे येणं झालं तर. आता काय, पाहुण्यासारखं पुढच्या दारात उभं राहून हाक मारायची."

"हाक कशाला मारायची?" मावशी म्हणाल्या. "मागच्या दाराने या. ती कडी मी दुरुस्त करणार नाही."

"आणि चोर आला तर?" नवऱ्याने जांभई देत विचारलं.

"तुम्ही आहात की राखणीला."

लेक हसली. काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा शब्द फुटेना. त्यांनी नुसती मान हलवली. इथे ती चालत होती.