दर दोन तासांनी

अर्धांगवायूचा झटका आलेल्या वडिलांना ताईने दहा दिवसांनी हॉस्पिटलातून आपल्या घरी आणलं. सोबत इंग्रजी कागद होता. औषधांच्या खाली लिहिलं होतं, ‘टर्न एव्हरी टू अवर्स’.

टर्न म्हणजे पाळी, हे ताईला ठाऊक होतं. तिने अर्थ लावला, की दर दोन तासांनी उशाशी बसणारं माणूस बदलायचं. पंचाईत एवढीच, की बदलायला धाकट्या भावाशिवाय कुणी नव्हतं. तो वरच्याच मजल्यावर राहायचा आणि दोघांचा चार वर्षं अबोला होता. आईचं शिलाई मशीन त्याने तिला न विचारता भंगारात दिलं होतं.

पण डॉक्टरांचा शब्द. ती जिना चढली. त्यानेही कागद वाचून तोच अर्थ लावला आणि तो खाली आला.

पहिल्या दिवशी पाळी बदलताना फक्त औषधांपुरतं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने दारातच सांगून टाकलं, की मशीनबद्दल विचारायला हवं होतं, चुकलंच. ताईने पेज कुठे ठेवलीय ते सांगितलं. संध्याकाळी मात्र ती पाळी संपल्यावरही तासभर तिथेच बसली. वडील पाठीवर पडून दोघांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी नर्स आली. तिने चादर सरकवली, कमरेखालची लाल झालेली जागा पाहिली आणि विचारलं, की यांना कुशीवर वळवता ना? दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. नर्सने कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्स गेल्यावर तिने वडिलांना विचारलं, “पाठ दुखत होती, तर बोलला का नाहीत?”

वडिलांची जीभ अजून जड होती. ते सावकाश म्हणाले, “हॉस्पिटलात दर दोन तासांनी वळवायचे. मला माहीत होतं.”

“मग?”

“बोललो असतो, तर हा परत वर निघून गेला असता.”

ताई चिडली. असल्या शहाणपणापायी कातडी सोलवटली असती, असं तिने स्पष्ट सुनावलं. धाकट्याने बाही वर केली. एकट्याने वळवायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. ताईने खांदा धरला, त्याने कंबर. एकाने डावीकडे ओढलं, दुसऱ्याने उजवीकडे. वडील जागचे हलले नाहीत.

“आधी ठरवा,” ते म्हणाले.