ओल्या खात्याचा कुकर

मित्रांनो, मी एक जुना वाफेचा कुकर आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर माझा नातू शोभेल. माझ्या पोटात एका वेळी हजार डबे मावतात. शिट्टी मात्र मला येत नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

प्लेवेन शहराजवळच्या एका कारखान्यात माझी तरुणपणची वीस वर्षं टोमॅटो आणि लाल मिरच्या शिजवण्यात गेली. तो कारखाना बंद पडला आणि क्रस्त्योआजोबांनी मला विकत घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या कारखान्यात कुत्र्यामांजरांचं जेवण शिजवतो. आधी जरा कमीपणा वाटला. पण मिरच्यांनी कधी शेपटी हलवली नव्हती, हेही खरं.

माझी देखभाल आजोबांची थोरली सून रादका करायची. मांस बारीक करायचं, रश्शात कालवायचं, डब्यात भरून झाकण पक्कं बसवायचं आणि डबे माझ्या स्वाधीन करायचे. मग एकशे एकवीस अंशांवर सलग सत्तर मिनिटं, म्हणजे आतला एकही जंतू जगत नाही. त्यानंतर तो डबा दोन वर्षं कपाटात ठेवा, काही होत नाही.

सुखात दिवस चालले होते. मग आजोबांचा धाकटा मुलगा मिन्चो याने कोरड्या खाण्याचं यंत्र आणलं. चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊच म्हणा ना. पीठ, मांसाची भुकटी आणि वाफ एका नळीत दाबायची. जाळीतून बाहेर पडताच सुरी तुकडे करते, तुकडे टम्म फुगतात. ते वाळवून वर चरबीचा हात फिरवला की झाल्या गोळ्या. तासाभरात पोत्यांची थप्पी लागायची.

"वहिनी, तुमच्या डब्यात चारातले तीन भाग पाणीच," मिन्चो म्हणायचा. "खाणं विकता की सूप?"

"आणि तुमच्या गोळ्या, भाऊजी? बादलीभर पाणी पाजल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. छपरावर गारा पडाव्यात तसा वाडग्यात आवाज येतो."

भांडण असंच गोड राहिलं असतं. पण कारखान्यात बॉयलर एकच, आणि दोघांना वाफ पुरेना. शेवटी आजोबा म्हणाले, "शुक्रवारी नेवेनाबाई येतायत. शिकारी कुत्री सांभाळतात, तरणी आणि म्हातारीही. त्या ज्या खात्याचं खाणं पसंत करतील, ओलं किंवा कोरडं, ते खातं राहील. दुसरं यंत्र भंगारात."

हे ऐकून माझ्या दाराचं रबर आतल्या आत आकसलं.

शुक्रवारी दोघांनी एकदमच काम सुरू केलं. रादकाने डबे आत ठेवून दार आवळलं. मिन्चोने आपल्या यंत्राकडची वाफेची चावी पूर्ण उघडली. पन्नास मिनिटं झाली आणि माझा उष्णतेचा काटा खाली घसरला. एकशे वीस, एकशे सोळा, एकशे बारा. तो फक्त रादकाने पाहिला. नेवेनाबाईंची गाडी तेवढ्यात दारात थांबली होती.

रादका काट्यासमोर उभी राहिली. हात दाराच्या चाकावर होता. मी श्वास रोखून धरला, अर्थात माझं तेच काम आहे.

तिने चाकावरचा हात काढला आणि घड्याळ शून्यावर आणलं.

"बाई, सत्तर मिनिटं थांबावं लागेल," ती बाहेर जाऊन म्हणाली. "उष्णता मध्येच उतरली. पुन्हा पहिल्यापासून."

"हरल्या की वहिनी," मिन्चो आनंदाने म्हणाला.

पण त्याला मोह आवरला नव्हता. गोळ्यांना चव यावी म्हणून त्याने रादकाच्या पातेल्यातला रस्सा पिठात ओतला होता, आणि तोही मनसोक्त. पीठ सैल झालं. सुरीला काही कापताच येईना. जाळीतून गोळ्यांऐवजी एक लांबच लांब दोर बाहेर आला, जमिनीवर उतरला आणि वेटोळी घालत दाराकडे निघाला. मिन्चो एका हाताने यंत्र बंद करत होता, दुसऱ्याने दोर गुंडाळत होता.

बाईंबरोबर शारो नावाचा बोळका कुत्रा होता. त्याने एक टोक तोंडात धरलं आणि शांतपणे मीटरभर संपवलं.

"दात नसलेल्यांना बरं आहे हे," बाई म्हणाल्या. "किती दिवस टिकेल?"

मिन्चोने दोर बोटाने दाबून पाहिला. "उद्या सकाळपर्यंत," तो हळूच म्हणाला. "पाणी जास्त झालं. बुरशी धरेल."

सत्तर मिनिटांनी माझं दार उघडलं. डबा थंड करून शारोपुढे ठेवला. त्याने तोही चाटूनपुसून साफ केला. कुत्र्याच्या मतावर फार विसंबू नये, असं मला तेव्हा वाटलं.

बाईंनी मात्र मत दिलं. "तरण्या कुत्र्यांना गोळ्या द्या. नेहमीच्या, कोरड्या. म्हाताऱ्यांना डबे. तासभर मला ताटकळत ठेवायला ही बाई घाबरली नाही. हिचे डबे मी न उघडता घेते."

आजोबा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग त्यांनी वाफेची वेळ वाटून दिली: सकाळी कुकर, दुपारी सोऱ्या. मिन्चो आता चावीला हात लावण्यापूर्वी विचारतो, "वहिनी, तुमचं झालं का?" दोराचा विषय मात्र कुणी काढला की तो ऐकू येत नसल्यासारखं करतो.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. दाराचं रबर वेळेवर बदला, काटा पुसून स्वच्छ ठेवा, एवढंच मागणं. आणि काटा जे सांगेल ते खरं मानून चाला, कुणी बघत नसलं तरी. कारण आमचं गिऱ्हाईक जे पुढ्यात येईल ते खातं, आणि पोट दुखलं तरी तक्रार करायला येत नाही.