नकाराचा दरवाजा

भिवंडीजवळ वडप्याला हायवेच्या कडेला जुन्या लाकडाची एक वखार आहे. तिथे पत्र्याच्या भिंतीला टेकून उभा असलेला, निळ्या रंगाचे पोपडे निघालेला जुना सागवानी दरवाजा म्हणजे मी. मला आता चौकट नाही. समोरून कंटेनर जातात, त्यांची धूळ अंगावर बसते आणि येणारं गिऱ्हाईक बोटाने टकटक करून पुढे जातं. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दरवाजाचं आयुष्य ते काय, उघडायचं आणि मिटायचं. माझंही तेवढंच होतं. पण ज्या एका दिवशी उघडायचं होतं, त्या दिवशी मी उघडलो नाही. ते सांगितल्याशिवाय माझा जीव शांत होणार नाही.

काल्हेरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात माझा जन्म झाला. गावाने श्रमदानाने सभागृह बांधलं, आत वाचनालयाची पुस्तकं ठेवली आणि कारभार पाहायला एक मंडळ नेमलं. सुताराने एकाच खोडातून आम्हा दोघा भावांना काढलं. भाऊ उजवीकडे बसला, रस्त्याच्या बाजूला. मी डावीकडे, मागच्या आवाराच्या बाजूला. त्या आवारात एक खोली होती आणि तिच्यात ठमाबाई राहायची. तिचा नवरा खाडीत बुडून गेला होता, मूलबाळ नव्हतं. सभागृहाची झाडलोट करायची आणि त्या खोलीत राहायचं, एवढाच तिचा संसार होता. दर दिवाळीला ती स्वतःच्या अंगाला लावण्याआधी वाटीतलं खोबरेल माझ्या बिजागऱ्यांना लावायची.

सभागृहाचा प्राण होते केसरीनाथ मास्तर. ते भिवंडीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. आमच्या गावात तेव्हा बांधावरून आणि मिठागरावरून अशी भांडणं व्हायची, की सभेला दहा माणसं असली तर दवाखान्यात वीस असायची. मास्तरांनी त्यावर एक नामी युक्ती काढली. वर्षातून एकदा ते सभागृहात जाणकारांचा वाद ठेवू लागले आणि विषय असायचा ब्रिटनच्या सरकारचं धोरण. लोक हसले. मास्तर म्हणाले, "आपल्या बांधावर भांडलात तर डोकी फुटतात. विलायतेवर भांडा. कसं भांडायचं ते तर शिकाल."

आणि लोक शिकले. गाव त्या दिवसाला विलायत सभा म्हणू लागलं. तिकडच्या कोळशाच्या खाणी बंद कराव्यात की नाही, तिकडच्या सरकारने माणशी कर बसवावा की नाही, यावर ठाण्याहून आलेले वकील आणि भिवंडीचे प्राध्यापक तासतासभर बोलायचे. खाडीत जाळं टाकून आलेली माणसं पाय पुसून बसायची आणि ऐकायची. जन्मात ज्यांनी खाण पाहिली नाही ते खाणकामगारांच्या बाजूने तावातावाने उठायचे.

शेवटी मत व्हायचं. मास्तर हात वर करू देत नसत. विलायतेच्या सभागृहात माणसं चालत जाऊन मत देतात, म्हणून इथेही तोच नियम. मास्तर घंटा वाजवायचे. होकार असेल त्याने माझ्या भावातून बाहेर पडायचं, नकार असेल त्याने माझ्यातून. पाच मिनिटं. मग दारं बंद. आत राहिला तो मोजायचा नाही. "हात शेजारी खाली ओढतो," मास्तर म्हणायचे, "पायांना मात्र स्वतःच ठरवावं लागतं."

भावाच्या दाराशी मंडळाचा कारकून दौलत वही घेऊन बसायचा. माझ्या दाराशी ठमाबाई. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती मांडीवर पितळी ताटली घ्यायची आणि माझ्यातून माणूस बाहेर आला की तिच्यात एक चिंचोका टाकायची. मास्तरांनी पहिल्या वर्षी तिला बजावलं होतं, "ठमाबाई, दारातून आला तोच मोजायचा. मग तो तुझा सख्खा भाऊ असो की प्रत्यक्ष देव." तिने ते गाठीला बांधलं. मोजणारीला मत नसतं, म्हणून ती स्वतः माझ्यातून कधीच गेली नाही.

सगळ्यात मोठी सभा झाली ती दोन हजार तीन साली. ब्रिटनच्या सरकारने दूरच्या देशात सैन्य धाडायचं ठरवलं होतं आणि तिथली लाखो माणसं नको म्हणत रस्त्यावर उतरली होती. भिवंडीचे निवृत्त प्राध्यापक अण्णा आणि ठाण्याच्या वकील माधवीबाई समोरासमोर बसले होते. अण्णा म्हणाले, "निवडून दिलेला माणूस म्हणजे टपाल पोचवणारा नव्हे. त्याने आपली अक्कल चालवायला हवी. चुकला तर पुढच्या निवडणुकीत पाडा." माधवीबाई म्हणाल्या, "अण्णा, पुढच्या निवडणुकीपर्यंत जे मेले ते मत द्यायला परत येणार आहेत का?"

तेवढ्यात ठमाबाई माझ्या उंबऱ्यातून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "अण्णा, मना येक सांगा. त्या लाखो मानसांनी नको सांगला. तं त्यांना बाहेर जायला दार कोनचा दिला व्हता?"

अण्णांनी मास्तरांना घंटा वाजवायची खूण केली. त्या दिवशी ठमाबाईच्या ताटलीत एक्क्याऐंशी चिंचोके पडले. जाताना अण्णांनी माझ्यावर हात ठेवला आणि ते मास्तरांना म्हणाले, "केसरीनाथ, या सभागृहातली सगळ्यात मोलाची वस्तू ही आहे. हिला जपा." मित्रांनो, मी सुखावलो. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

कारण ती शेवटचीच विलायत सभा ठरली. भोवतालच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहू लागली. जो तो आपल्या सातबाऱ्याच्या आणि गाळ्याच्या मागे लागला. मास्तर थकले. मंडळाचा अध्यक्ष झाला चांगदेव, मास्तरांचाच विद्यार्थी, आता चार गोडाऊनांचा मालक. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा. सभेत तो विचारायचा, "सगल्यांना मान्य ना?" टाळ्या वाजायच्या आणि दौलत वहीत लिहायचा, सर्वानुमते मंजूर. सगळे माझ्या भावातून चहाला बाहेर पडायचे. खरं सांगायचं तर गावाच्या कारभारासाठी आम्हा दोघांचा उपयोग कधी झालाच नव्हता. नाही म्हणायला गाव शिकलं होतं, पण ते दुसऱ्याच्या सरकारला.

मग दोन हजार पाचच्या जुलैतला तो पूर आला. दोन दिवस मी कमरेपर्यंत पाण्यात उभा होतो. पाणी ओसरल्यावर भाऊही फुगलेला होता, पण रोजच्या उघडझापीने तो मोकळा झाला; मी मात्र चौकटीत रुतलो. पुस्तकं वाचवायला आणलेलं लोखंडी कपाट कोणीतरी माझ्यापुढे आणून ठेवलं. बिजागऱ्या आतल्या बाजूला, कपाटाच्या मागे गेल्या, त्यामुळे ठमाबाईचा तेलाचा हात माझ्यापर्यंत पोचेना. ती दौलतला दोनदा सांगून आली, "दार सुजलाय, सुताराला बोलवा." दौलत म्हणाला, "बगू." पुढच्या गणपतीला रंगारी आला. त्याने आतून कपाट सरकवलं, मला चौकटीसकट निळ्या ऑइलपेंटने रंगवलं आणि कपाट पुन्हा जागच्या जागी ठेवलं. बाहेर आवाज ऐकून ठमाबाईला वाटलं, सुतार आला. रंगाने मला चौकटीला आणखीच चिकटवून टाकलं. वरून मात्र मी नव्या नवरदेवासारखा दिसत होतो.

दोन हजार सातच्या श्रावणात गोष्ट आमच्या अंगणापर्यंत आली. एका कंपनीला गोडाऊनसाठी सभागृह आणि आवार दोन्ही विकत हवं होतं; विकायचं की नाही ते मंडळाच्या सभेत ठरणार होतं. पुस्तकं जातील, मास्तरांची चाळीस वर्षं जातील आणि ठमाबाईच्या डोक्यावरचा पत्रा जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं. मास्तरांची सून विनिता शाळेत शिक्षिका होती. ती पंधरा दिवस घरोघर फिरली. मंडळाच्या एकशे बारा सभासदांपैकी चौसष्ट जणांनी तिला सांगितलं, आमचा नकार. तिने नावं लिहून घेतली. सभेच्या आदल्या दिवशी तिने कपाट सरकवलं, माझ्यासमोर झाडलं, माझा चकचकीत रंग पाहिला आणि घरी गेली. मित्रांनो, तिने सगळं केलं. फक्त मला एकदा ढकलून पाहिलं नाही. मी तिला कसं सांगणार होतो?

सभेला बाहेर पाऊस कोसळत होता. चांगदेव म्हणाला, "मास्तर, हात वर करू. उगाच भिजायचं कशाला?" मास्तर काठीवर उभे राहिले. "नाही. आयुष्यभर विलायतेसाठी दारं वापरली. आज एकदा गावासाठी वापरू."

"तुमचा शब्द," चांगदेव म्हणाला आणि त्याने दौलतला भावाच्या दाराशी बसवलं. ठमाबाई मागच्या पत्र्याखाली ताटली घेऊन बसली होती. तिने चिंचोके कालच धुऊन ठेवले होते.

घंटा झाली. होकारवाले निघाले. आणि माझ्यासमोर रांग लागली. मी मोजली, मित्रांनो. चौसष्टच्या चौसष्ट. सगळ्यात पुढे एक दांडगा मच्छीमार. त्याने कडी काढली आणि मला ढकललं. मी हललो नाही. त्याने खांदा लावला. मागून चौघांनी जोर दिला. पलीकडून ठमाबाईने कडी धरून ओढलं, सत्तरीच्या हातांनी, पाय उंबऱ्याला टेकवून. माझ्या अंगातला कण अन् कण उघडू पाहत होता. इतकी तडफड मला पुरातही झाली नव्हती. पण फुगलेलं लाकूड, गंजलेलं लोखंड आणि त्यावर तो सुंदर निळा रंग.

"तीन मिंटा झाली," दौलतने आवाज दिला.

मग त्या मच्छीमाराला एक विचार सुचला, साधा, कोणालाही सुचला असता. "चला रे, हिकडना भायेर पडू आन् वळसा मारून ठमाबाईकडं जाऊ. ती मोजंल आपल्याला." रांग वळली. माणसं माझ्याकडे पाठ करून भावाच्या दारातून बाहेर पडू लागली. मास्तर ओरडले, "थांबा, तिकडून जाऊ नका." पावसाच्या आवाजात आणि गलक्यात त्यांचा म्हातारा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. दौलत प्रत्येकामागे एक रेघ ओढत होता. त्याचं कामच ते होतं.

पंचावन्न माणसं भिजत मागच्या आवारात आली. मच्छीमार म्हणाला, "ठमे, टाक चिंचोके. आमी सगले नकाराचे."

ठमाबाईने ताटली छातीशी धरली. "दारातना आला काय?"

"दार उघडत न्हाय, तुला दिसतंय ना?"

"मंग मी कशी टाकू?" ती म्हणाली. "दारातना आला तोच मोजायचा. मास्तरांनी सांगलाय."

"अगो, तुझीच खोली जातेय."

"माहीत हाय मना," ठमाबाई म्हणाली. तिची मूठ मिटलेली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पण मूठ उघडली नाही.

पाच मिनिटं संपली. दौलतने वाचलं, होकार एकशे तीन. आत राहिलेले नऊ, मोजायचे नाहीत. नकार, ठमाबाईची ताटली रिकामी. विनिता चांगदेवासमोर उभी राहिली. "दादा, हे मत नाही. पुन्हा घ्या." चांगदेव क्षणभर गोंधळला. मग मास्तरांकडे बघून म्हणाला, "मास्तर, मी तं हातच वर करा म्हनत व्हतो. दारांचा नियम तुमचा." भिजलेली माणसं आवारातून परत आली होती. त्यांच्यातल्या कोणी एकाने जरी मोठ्याने 'नाही' म्हटलं असतं, तर कदाचित झालं असतं काही. पण आपल्याच गावात, आपल्याच अध्यक्षासमोर नाही कसं म्हणायचं, हे इतक्या वर्षांत कोणी शिकवलंच नव्हतं. कोणी नाक शिंकरलं, कोणी छत्री शोधू लागलं.

मास्तर माझ्यापाशी आले. माझ्यावर कपाळ टेकून उभे राहिले. विनिताने "बाबा, चला" म्हणून हात धरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठमाबाईने बरोबर केलं. मीच एकदा उघडून बघायला हवं होतं." त्यानंतर ते सभागृहात आले नाहीत. दिवाळी सरली आणि मास्तर गेले.

मे महिन्यात तोडकाम ठरलं. आदल्या दोन दिवसांत ठमाबाई सुरी आणि तेलाची वाटी घेऊन आत आली. तिने रंगाची चीर सुरीने कापून काढली. बिजागऱ्यांना तेल चोळलं, सकाळी आणि संध्याकाळी. उन्हाने मी सुकून आकसलो होतो. तिसऱ्या दिवशी मजूर पहारी घेऊन दारात उभे असताना तिने एका हाताने मला ढकललं. मित्रांनो, मी उघडलो. जराही न कुरकुरता, सताड उघडलो. आत कोणी नव्हतं, रिकाम्या भिंतींवर पुस्तकांच्या कपाटांचे चौकोनी डाग होते.

ठमाबाईने पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यातून बाहेर गेली. आवारात बसून तिने ताटलीत एक चिंचोका टाकला. मग ताटली कपड्यांच्या बोचक्यात घालून ती भाच्याकडे निघून गेली. तिचा भाचा कुठे राहतो, तिला तिथे किती दिवस ठेवलं, मला माहीत नाही.

इथे वखारीत मला कोणी घेत नाही. जोडीतलं उरलेलं एकच दार विकत घेऊन काय करायचं, असं गिऱ्हाइकं म्हणतात. माझा भाऊ मात्र पहिल्याच आठवड्यात विकला गेला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात, गावात असा एखादा दरवाजा असेलच, ज्यातून रोज कोणी जात नाही. त्याच्यापुढे कपाट ठेवू नका. त्याला नुसता वरून रंग देऊन समाधान मानू नका. कोणाला नाही म्हणायचं नसेल त्या दिवशीही तो एकदा उघडून बघा, बिजागऱ्यांना तेल घाला. गरज पडेल त्या दिवशी चौसष्ट माणसांनी खांदा लावला, तरी पाच मिनिटांत तो उघडत नाही. हे मी अंगावर घेऊन उभा आहे.