लाल फुलीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी फुली आहे, लाल रंगाची. चिप कारखान्यात घडवण्याआधी संगणकावर तिची लुटुपुटूची चाचणी घेतात, तिथे माझा मुक्काम. पडद्यावर प्रत्येक तारेची एक रेषा धावते. रेषा वर गेली म्हणजे एक, खाली आली म्हणजे शून्य. तारेत एक आहे की शून्य, हे ठरतच नसेल तेव्हा मी उमटते. ‘ठाऊक नाही’ एवढंच मला बोलता येतं.

मला घडवणाऱ्यांना माझी किंमत होती. पुढे कामांची घाई वाढली आणि मला पाहताच लोकांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. मला याचं फार वाईट वाटतं.

कैरोतल्या एका कचेरीत मी नगवा नावाच्या इंजिनिअरच्या पडद्यावर उमटले. ईदच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. चिप होती नवजात बाळांच्या काचपेटीसाठी आणि मी बसले होते नेमकी पेटीच्या हीटरच्या तारेवर. वीज जाऊन परत आली की हीटर चालू होईल की बंद राहील, कुणालाच सांगता येत नव्हतं. चालूच राहिला तर आतलं बाळ भाजणार.

नगवाचे साहेब वजीह रोजामुळे आधीच करवादले होते. इफ्तारच्या आत आराखडा कारखान्याला जायला हवा होता.

“सुरुवातीला शून्य लिहून टाक. लाल जाईल.”

“बाशमुहंदिस,” नगवा म्हणाली; तिकडे इंजिनिअरसाहेबांना असंच म्हणतात. “चाचणीतलं जाईल. खऱ्या चिपमध्ये शून्य कोण लिहिणार?”

“मग काय, ईदची कहक बिस्किटं इथंच भाजत बसतेस? लिही, बाई.”

नगवानं शून्य लिहिलं. मी गेले. सगळ्या रेषा हिरव्यागार झाल्या.

“बघ, उगाच घोळ घालत होतीस,” साहेब खुशीत म्हणाले.

माझा जीव मात्र टांगणीला लागला. त्या शून्याखाली मी होतेच, फक्त दिसत नव्हते.

पाठवायच्या बटणाशी नगवाचा हात थांबला. तिनं शून्य खोडून तिथे एक लिहिलं आणि चाचणी पुन्हा चालवली. हीटर चालू झाला तो बंदच होईना.

“मघाशी बंद, आता चालू. दवाखान्यात यातलं काय होणार? तुम्ही सांगा, मी पाठवते.”

“कारखान्यातला नंबर हुकला तर माझी मान जाईल, कळतंय ना तुला?”

“कळतंय, बाशमुहंदिस.”

बाहेर मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ झाली. खजुराला कुणी हात लावला नाही. शेवटी साहेबांनी खुर्ची ओढली.

“दाखव, रीसेटची तार कुठवर जाते?”

चिप चालू होताच सगळं ठरल्या जागी आणणारी ती तार हीटरपर्यंत पोचलीच नव्हती. दोघांनी ती जोडली आणि नगवानं लिहिलेला आकडा पुसला. चाचणी सुरू झाली. मी क्षणभर उमटले, आणि रीसेट येताच सुखानं विरून गेले. कारखान्याला आराखडा ईदनंतर गेला.

मित्रांनो, मला घालवा, जरूर घालवा. मी त्यासाठीच येते. पण आधी उत्तर शोधा, मला नुसतं झाकू नका. झाकलेली मी चिपमधून दवाखान्यात जाते, आणि तिथे माझी गाठ पडते ती थेट पेटीतल्या बाळाशी.