लांब भाल्याची दोन मापं

थोरलीला, म्हणजे घरातल्या सासूला, त्या खेळाची शिसारी होती. जेवायचं टेबल ते, आणि दर रविवारी दुपारी त्याच्यावर बाप्ये कोपरं टेकून बसायचे. चौकटी आखलेला हा एवढा कागद, त्याच्यावर बोटाएवढी रंगवलेली माणसं, राक्षस, घोडे, आणि सगळ्यांवर टोस्टचा चुरा. एकाने फासा टाकायचा, दुसऱ्याने जाडजूड पुस्तक उघडून नियम वाचायचा, तिसऱ्याने म्हणायचं असं नाहीच मुळी. एका सुरीच्या घावावर अर्धा तास वाद. नाक खाजवलं त्याच बोटाने राक्षस पुढे सरकवायचा, आणि तेच बोट मग बिस्किटाच्या बशीत. बघवत नव्हतं.

खेळाचा मास्तर तिचा मुलगा. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला, म्हणून चौकटी मात्र सुतासारख्या सरळ. गोष्ट तो सांगायचा, शत्रू तो चालवायचा आणि नियम अडला की निकालही तोच द्यायचा. बाकी त्याचे शाळेपासूनचे दोस्त, एक दातांचा डॉक्टर आणि एक छापखानावाला. आणि तीन महिन्यांपासून सून.

सून नर्स. आठवड्याचे सहा दिवस रोग्यांची शौचाची भांडी उचलायची आणि सातव्या दिवशी या तिघांचे चहाचे कप. एका रविवारी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मलाही एक माणूस द्या." घोड्यावर बसलेली, लांब भालेवाली बाई घेतली तिने. तेव्हापासून चहा थोरलीच्या गळ्यात पडला. तिचे गुडघे वाजायचे, आणि सुनेचं ते ऐटीत बसणं तिच्या डोळ्यांत सलायचं. खोटं कशाला बोला.

त्यांच्यात एक कायदा होता. ज्याचं माणूस मेलं त्याने टेबलावरून उठायचं, चालू गोष्ट संपेस्तोवर परत बसायचं नाही. आणि ही गोष्ट वर्षभर तरी संपत नव्हती.

त्या रविवारी थोरली ट्रे घेऊन बाहेर आली तर राक्षस सुनेच्या घोड्याला खेटून उभा.

"भाला मारते," सून म्हणाली.

"नाही मारता येणार," मुलगा म्हणाला. "लांब भाला एक घर सोडून पलीकडच्याला लागतो. लगतच्याला नाही. भाला टाक, तलवार काढ. नाहीतर मागे सरक. दोन्हीत तुझी पाळी गेली."

"मग राक्षसाची पाळी."

"मग राक्षसाची."

"म्हणजे मी मेले. एकाच घावाचा जीव उरलाय."

"मी काय करणार? नियम आहे."

छापखानावाला खुर्चीत मागे रेलला. "चला, म्हणजे वहिनींच्या हातचा चहा परत सुरू."

दातवाला हसला. आणि मुलगाही हसला, मान खाली घालून, ओठांच्या एका कोपऱ्यात. थोरली दोन इयत्ता शिकलेली, पण पोटच्या पोराचं हसू वाचायला शाळा लागत नाही. यांचं आधीच ठरलं होतं.

ती तशीच उभी राहिली. तोंडाला कुलूप लावलं की काम फत्ते. सून उठेल, चहा सुटेल, गुडघ्यांना आराम. कोणी काही म्हणणारही नाही. पण पोराचं ते हसू तिला नासलेल्या दुधासारखं वाटलं.

"मागच्या रविवारी हा नियम कुठे गेला होता?" तिने विचारलं.

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"भाल्यातलं नाही कळत. जाळी काढायच्या काठीतलं कळतं. लांब काठीने डोक्यावरचं जाळं निघत नाही, मागे सरकावं लागतं. तू म्हणतोस ते मला पटतं."

"मग झालं तर."

"झालं नाही. मागच्या खेपेला या दातवाल्याच्या घोड्याला दरोडेखोर असाच खेटला होता. हातात असाच भाला. मी ट्रे धरून ताटकळत होते आणि तू बोटाने घरं मोजत होतास. घोडा चार घरं अडवतो, दोन पुढची, दोन मागची. स्वार चारही घरांत आहे असं धरायचं. मागच्या घरातून मोजलं की मधे पुढचं घर, त्याच्यापुढे दरोडेखोर. झालं एक घर सोडून. लागतो भाला. तूच म्हणालास ना?"

छापखानावाला पुस्तकाची पानं उलटायला लागला, त्याला वाचायचं काहीच नव्हतं.

"तेव्हा तसा निकाल दिला," मुलगा म्हणाला. "नंतर मी नीट वाचलं."

"कधी वाचलंस? बायकोची पाळी आल्यावर?"

"काकू, खेळच आहे हो," दातवाला म्हणाला.

"खेळात असा वागणाऱ्यापुढे मी तोंड उघडून बसणार नाही बाबा, असलेले चार दात राहू देत." मग मुलाकडे वळून ती म्हणाली, "आजचा नियम खरा असेल तर याचा दरोडेखोर जिवंत कर आणि याने जिंकलेला किल्ला काढून घे. नाहीतर हिला भाला मारू दे. दोन्ही मला चालेल."

किल्ल्याचं नाव निघताच दातवाला ताठ झाला. "मारू दे की वहिनींना. काय बिघडतं?"

स्वतःच्या शेपटीवर पाय पडला तेव्हा याला न्याय सुचला. थोरलीला त्याच्याकडे बघवेना.

"मार," मुलगा कागदाकडे बघत म्हणाला.

सुनेने घोड्याच्या मागच्या घरावर बोट ठेवलं, मग पुढच्या, मग राक्षसावर. वीस बाजूंचा फासा टाकला. सतरा. राक्षस आडवा झाला. तिने सासूकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण थोरली वळून आत गेली होती.

मुलगा पाठोपाठ स्वयंपाकघरात आला. दार लोटलं.

"चारचौघांत माझी लाज काढलीस."

"असती तर निघाली असती."

"कुणासाठी करत होतो मी?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "तूच म्हणायचीस ना, गुडघे गेले, रविवार नको वाटतो. मला वाटलं ती उठली की तुला सुटका."

हे खरं होतं. ती म्हणाली होती, एकदा नाही, दहादा, आणि सून ऐकेल अशा बेताने. तेच बोलणं उचलून पोराने त्याच्यावर सगळा डाव मांडला होता. आणि आता उष्ट्या बशीसारखं तिच्यापुढे सारत होता.

"माझे गुडघे पुढे करू नकोस," ती म्हणाली. "त्यांची एवढी कणव होती तर ट्रे तुला उचलता आला असता."

त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तीस वर्षांचा घोडा, कधी सुचलंच नव्हतं त्याला. राग आला असता तर बरं वाटलं असतं. तिला नुसती किळस आली, आणि त्या किळसेत तिचा स्वतःचाही वाटा होता, हे तिला चांगलं कळत होतं. वाढवला कोणी याला?

"मास्तर, ये रे," बाहेरून छापखानावाल्याची हाक आली. "वहिनी दरीत उतरतायत. तिथे काय आहे?"

तो गेला. दार उघडंच टाकून गेला.

थोरलीने कपात थोडा चहा ओतून घेतला आणि ओट्याला टेकून एक घोट घेतला. उरलेला मोरीत ओतला. बाहेर सून विचारत होती, दरी किती घरं रुंद आहे, आणि तिचा नवरा मुकाट्याने मोजत होता.