पडद्यामागून निवडलेली

प्रीता बारलिंगे अमेरिकेतल्या शुगर लँड या शहरात वाढली आणि जवळच्याच एका ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायची. तिची निवड झाली तेव्हा परीक्षकांसमोर पडदा होता. कोण वाजवतंय हे कुणालाच दिसत नव्हतं. तरी पुढे तिचा पगार विविधतेच्या निधीतून, म्हणजे गोरे नसलेल्या वादकांना घेण्यासाठी मिळणाऱ्या पैशांतून, निघू लागला. दिवाळीच्या कार्यक्रमात तिला साडी नेसून पुढे बसायला सांगायचे, एरवी शेवटच्या रांगेत.

यंदा तो निधीच बंद झाला. संचालिका लॉराने तिला बोलावून घेतलं.

"तुझी जागा त्या योजनेतली होती. आमचा नाइलाज आहे."

"मी वाजवून निवडले गेले, लॉरा. तुम्ही स्वतः परीक्षक होतात."

"हो, पण कागदोपत्री तसं नाही. तुझे फोटो मात्र आम्ही सीझनभर वापरू."

"म्हणजे हात नकोत, चेहरा हवा?"



प्रीता तडक तालमीच्या हॉलमध्ये गेली आणि झालेलं बोलणं तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. बहुतेकांनी माना खाली घातल्या. शेजारी बसून वाजवणारा ग्रेग तेवढा म्हणाला, "तू त्या योजनेतूनच आलीस, असं आम्ही धरून चाललो होतो."

प्रीताने चेलो पेटीत ठेवला आणि ग्रेगचा निरोपही न घेता ती निघून गेली.